आजोबांना थोडं हसवता येईल का?

जुना फोटो दुरुस्त करणाऱ्याकडे माणसं फोटो घेऊन येतात, पण त्यांना दुरुस्त करून हवा असतो तो पूर्वज. हे एकदा ध्यानात आलं की या कामातले निम्मे वाद टळतात. उरलेले निम्मे साडीच्या रंगावरून होतात.

मी हे काम हौसेनं करतो, म्हणजे पैसे घेत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकं सगळी नात्यातली, नाहीतर नातेवाइकांच्या नात्यातली. पैसे देणारा माणूस निदान 'चालेल' असं म्हणतो. फुकट काम करून घेणाऱ्याच्या तोंडी हा शब्द मी अजून ऐकलेला नाही.

फोटोचं आयुष्य आपल्याकडे तसं खडतरच. जागा ठरलेली: माजघरात, दारावर, अगदी आढ्याजवळ, खिळ्याला सुतळीनं बांधून पुढे झुकवलेला. झुकवायचा तो खाली बसलेल्यांना नीट दिसावा म्हणून. पण त्यामुळे मागे जी सांदट तयार व्हायची, ती चिमण्यांना बाळंतपणासाठी फार सोयीची पडायची. खालून चुलीचा धूर, समोरून उदबत्तीचा, आणि वर्षातून एकदा गंधाचं बोट आणि ओला हार. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर ठाण मांडून बसते, आणि बुरशीला तर पासष्ट-सत्तर टक्क्यांतच संसार थाटता येतो. कृष्णधवल फोटोतली आकृती असते चांदीच्या बारीक कणांची, आणि ते कण धरून ठेवणारा थर असतो जिलेटिनचा. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला पदार्थ. (ज्या पणजोबांनी जन्मात कांद्याला हात लावला नाही, ते इतकी वर्षं या थरात मुक्कामाला आहेत, हे मी त्यांच्या पणतवंडांना सांगत नाही.) बुरशीला जिलेटिन आवडतं, कसरीला कागद आणि खळ. ओल लागली की हा थर फुगतो आणि फ्रेमच्या काचेला चिकटतो. मग घरातला एखादा कर्ता पुरुष "थांबा, मी काढतो" म्हणत पुढे होतो. फोटो निघतो, पणजोबांचं नाक काचेवर राहतं. असा फोटो ओढायचा नसतो, काचेसकट स्कॅन करायचा असतो, हे मी प्रत्येक घरी सांगतो. प्रत्येक घरी ते नाक निघाल्यावरच सांगण्याची वेळ येते.

बुरशी परवडली, पण माणसं नकोत. फाटलेला फोटो मागून जोडायचा सोडून पुढून सेलोटेप लावलेली असते, आणि ती वाळून गेली तरी तिचा चिकटा पिवळा होऊन आजोबांच्या तोंडावर आडवा उरतो. ग्रुप फोटोत प्रत्येकाच्या छातीवर बॉलपेनानं नाव लिहिलेलं असतं. जे गेले त्यांच्यावर फुली. माझ्याकडे आलेल्या एका फोटोत या फुल्या निळ्या, काळ्या, लाल, हिरव्या अशा निरनिराळ्या शाईतल्या होत्या. जो जसा गेला तशी, त्या वेळी घरात जे पेन हाताला लागलं त्यानं मारलेली. मधल्या काळात लॅमिनेशनची साथ आली होती. तिच्यात घरोघरचे मूळ फोटो प्लॅस्टिकमध्ये गरम करून कायमचे बंद झाले. "आता टिकेल" असं लोक समाधानानं म्हणत. टिकला खरंच. आतली बुरशीही टिकली.

आणि रंगीत फोटोची तर बातच सोडा. पणजोबांची चांदी अजून शाबूत आहे. पण सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटांमधला निळसर रंग सगळ्यात आधी उडाला आणि मागे नुसती लाली उरली. १९७८ सालचं एखादं लग्न पाहावं, तर नवरा, नवरी, भटजी, मांडव, सगळे रंगपंचमीचा मुहूर्त काढल्यासारखे दिसतात.

पण डाग, ओरखडे, फुल्या हे सगळं निघतं. थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांचं फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. त्यातल्या क्लोन स्टॅम्पनं शेजारची चांगली जागा उचलून खराब जागेवर ठेवता येऊ लागली. २००२ साली हीलिंग ब्रश आला आणि ठेवलेला तुकडा आजूबाजूच्या उजेडाशी स्वतःहून जुळवून घेऊ लागला. स्कॅन नेहमी रंगीतच करायचा, फोटो काळापांढरा असला तरी. कारण पिवळा डाग निळ्या चॅनलमध्ये ठळक दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. तेवढा लाल चॅनल घेतला की पन्नास वर्षांचा चहाचा डाग गेला. ज्या वहिनींनी तो पाडला म्हणून सासूनं आयुष्यभर बोलून दाखवलं, त्यांना मी हे दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता काय उपयोग?"

खरं काम डाग गेल्यावर सुरू होतं.

"आजोबांना थोडं हसवता येईल का?" ही सर्वाधिक येणारी मागणी. आजोबा न हसण्याला कारणं होती. फोटोग्राफर काळ्या फडक्यात डोकं घालून "हलू नका" म्हणायचा, आणि काच उघडी असेपर्यंत खरोखरच हलायची सोय नसे. हललेलं मूल फोटोत दोन डोक्यांचं निघायचं. पण मुख्य कारण असं की आजोबा एरवीही हसत नसत. फोटोला पैसे पडलेत हे तर त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं. ते हसले असते तर समोर ओळीत उभी असलेली सात मुलं घाबरून पळाली असती आणि ग्रुप फोटो एकट्याचा झाला असता.

दुसरी मागणी कोटाची. पूर्वी तालुक्याच्या स्टुडिओत खिळ्याला एक कोट टांगलेला असायचा. लग्नाच्या स्थळासाठी फोटो काढायला येणारा प्रत्येक तरुण तो चढवायचा आणि बसमधून परत जाताना पुन्हा सदऱ्यात असायचा. एकमेकांची ओळखदेख नसलेल्या दोन घराण्यांचे फोटो एकदा माझ्याकडे आले, आणि दोन्ही वरांच्या अंगावरच्या कोटाचं तिसरं बटण नव्हतं. एका घरची मंडळी तो कोट विलायतेहून आणलेला म्हणून सांगत होती. मी बटण लावून दिलं आणि गप्प बसलो.

तिसरी मागणी रात्री अकराला फोनवर येते. कुणीतरी गेलेलं असतं, सकाळी पेपरात फोटो द्यायचा असतो, आणि माणूस इतकी वर्षं घरात वावरला तरी त्याचा एकट्याचा असा फोटो कुणी काढलेला नसतो. जो मिळतो तो पुतण्याच्या लग्नातल्या पंगतीतला. व्हॉट्सअ‍ॅपच्या पाच फोनांतून फिरून आलेला, त्यामुळे चेहऱ्याला एकूण पंचवीस-तीस चौकोन. सोबत निरोप असतो: 'तोंडातला घास तेवढा काढून द्या.'

याहून जुन्या घराण्यांत तर आयुष्यातला एकमेव फोटो माणूस गेल्यावर काढलेला असे. भिंतीला टेकवून बसवलेला, नाकात कापूस. "कापूस काढा, डोळे उघडा आणि मागे बाग टाका," असं मला एका गृहस्थांनी अगदी मिठाई सांगावी तशा आवाजात सांगितलं. कापूस निघतो, बागही येते. डोळे कुठून आणायचे? शेवटी त्यांचेच घेतले, वडिलांना लावले. फोटो पाहून घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय साम्य आहे हो!" म्हणाले. "डोळे तर अगदी तुमचेच."

फोटो सुधारायची ही हौस कॉम्प्युटरनं आणली असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य नाही. १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रान्झ हान्फश्टेंगल नावाच्या जर्मन फोटोग्राफरनं एकाच माणसाचे दोन फोटो मांडले होते, एक जसाच्या तसा आणि एक निगेटिव्हवर हात फिरवलेला, आणि ते पाहायला गर्दी लोटली होती. म्हणजे सत्तावन्नच्या उठावाच्याही दोन वर्षं आधी सुरकुत्यांविरुद्ध उठाव झालेला होता. आपल्याकडचे जुने रिटचर तिरक्या मेजावर दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवायचे, खालून आरशानं उजेड घ्यायचे आणि सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं गालावर, डोळ्यांखाली बारीक टिपके देत बसायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल काळी, तिथे प्रिंटमध्ये चेहरा उजळ. त्या मंडळींचे डोळे कामातून गेले आणि आपल्या आज्या तुकतुकीत झाल्या.

आज तेच काम एक बटण करतं. धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारं असं ते बटण असतं. त्याला शिकवलेलं असतं की फोटोत जिथे बारीक, गोल, काळं काही दिसेल ते खराब समजायचं. आता जुन्या प्लेटांना लाल रंग दिसत नसे. लाल रंग दिसणाऱ्या प्लेटा १९०६ पासून विलायतेत विकायला आल्या. पण लहान स्टुडिओवाल्यांना जुन्याच बऱ्या वाटत, कारण डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता यायचं. त्यामुळे फोटोत लाल कुंकू काळं उमटायचं. बारीक, गोल, काळं. मी बटण दाबलं आणि भरल्या घरातली एक सवाष्ण डोळ्यांदेखत विधवा झाली. शेजारी नवरा छातीवर सोन्याची साखळी सोडून बसलेला. नथीचे मोती त्या बटणानं पांढरे ओरखडे समजून निम्मे खाल्ले, निम्मे ओठाला जोडले. त्यामुळे बाईंना एक दात पुढे आला. तेव्हापासून बायकांच्या फोटोत मी कपाळ आणि नाक आधी हातानं झाकून घेतो आणि मगच यंत्राला आत सोडतो.

याच्या उलटही घडतं. आलवणातल्या, केशवपन केलेल्या एका पणजीचा फोटो आला होता. घरच्यांना तिला अंबाडा आणि हिरवी साडी हवी होती, पाहुण्यांना फोटो दाखवताना अवघडल्यासारखं होतं म्हणून. तिला केस होते तेव्हा न्हाव्याला निरोप धाडणारं घर हेच. कॉम्प्युटरमध्ये तेवढी मेमरी नाही, असं मी त्यांना सांगितलं.

आता साडी. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग भरून द्या म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो की साडी कुठल्या रंगाची होती हे सांगणारं घरात किती जण आहेत. एकच असेल तर काम घेतो. एकदा तीन बहिणी निघाल्या, तिघींच्या आईचा लग्नातला फोटो. थोरलीच्या मते शालू लाल, मधलीच्या मते जांभळा. धाकटीच्या मते तो शालू आईचा नव्हताच, शेजारच्या काकूंचा होता आणि परत करताना त्यावरून कटकट झाली होती. या तिघींचाही जन्म अर्थातच लग्नानंतरचा. मी मध्ये पडून सांगायला गेलो की त्या प्लेटेवर लाल काळा दिसतो आणि आकाशी जवळजवळ पांढरा, तेव्हा इतका गडद शालू लाल असणं शक्य आहे. थोरलीला माझी विद्वत्ता पटली, मधली म्हणाली, "प्लेटेला काय कळतंय? मी तो ट्रंकेत पाहिलाय." शेवटी तीन प्रिंट काढले. लाल सांगलीला आहे, जांभळा डोंबिवलीला, आणि धाकटीनं परत गेलेल्या शालवाचा सूड म्हणून मोरपंखी करून घेतला, तो न्यू जर्सीला. पुढच्या पिढीला वाटेल, पणजी मोठी हौशी होती. एका लग्नात तीन शालू नेसली.

फोटोतून माणूस काढून टाकण्याची मागणी आली की मला रशिया आठवतो. मॉस्को कालव्याच्या काठावर स्टॅलिनच्या शेजारी चालणारा त्याचा गृहखात्याचा मंत्री येझोव्ह १९४० साली गोळी घालून मारला गेला, आणि मग फोटोतूनही गेला. जिथे तो होता तिथे आता कालव्याचं पाणी दिसतं. आपल्याकडे एवढं क्रौर्य नाही. आपल्याकडे सातबारा असतो. एका घरानं जमिनीचा दावा लावणाऱ्या चुलत्यांना १९५२ सालच्या ग्रुप फोटोतून काढायला सांगितलं. चुलते खुर्चीवर, ऐन मधोमध. माणूस काढला तर खुर्ची रिकामी, खुर्ची काढली तर मागे उभ्या असलेल्या आत्याबाईंना कमरेखाली शरीर नाही, कारण तो भाग चुलत्यांच्या मागे होता. स्टुडिओतल्या राजवाडा रंगवलेल्या पडद्यासमोर एका कोपऱ्यात तिपाईवर फुलझाडाची कुंडी होती. ती मोठी करून मधे ठेवली. घरात सगळ्यांना पसंत पडलं. काही वर्षांनी कोर्टात तडजोड झाली आणि चुलत्यांना परत घ्या म्हणून निरोप आला. मूळ स्कॅन जपून ठेवलेला होता, घेतलं. फोटो बघून मंडळी जरा हिरमुसली. "कुंडी छान दिसत होती," म्हणाले. "काकांच्या मांडीवर नाही का ठेवता येणार?"

आता या धंद्यात कृत्रिम बुद्धिमत्ता उतरली आहे आणि माझ्याकडे यायच्या आधी लोक घरीच फोनवर आजोबा स्वच्छ करून पाहतात. ते यंत्र हरवलेला चेहरा शोधून काढत नाही, कारण जे कागदावरून गेलं ते गेलं; लाखो चेहरे पाहून, इथे बहुधा असं नाक असेल, असा अंदाज ते ठोकून देतं. २०२० साली ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका प्रोग्रॅमला बराक ओबामांचा धूसर केलेला फोटो दिला तर त्यानं त्यातून एक गोरा गृहस्थ काढून दाखवला होता. जिथे अमेरिकेच्या माजी अध्यक्षांची ही गत, तिथे आमच्या तासगावच्या आजोबांना कोण पुसतो? ते घारे होऊन आले. दात एकसारखे, कातडी शिंप्यानं आत्ताच इस्त्री केलेली, भुवया कोरलेल्या. देशस्थ घरातल्या या घाऱ्या डोळ्यांचा उगम शोधायला एका मावसभावानं वंशावळ उघडली, तिला मी वेळीच मिटायला लावली.

चेहरे शोधायची तर या यंत्राला इतकी हाव, की डोहाळजेवणाच्या एका फोटोत त्यानं ओटीतल्या नारळालाही सोडलं नाही. शेंडीखालचे तीन डोळे पाहून त्यानं तिथे माणूस ओळखला, दोन डोळ्यांना पापण्या दिल्या, तिसऱ्याचं तोंड केलं, आणि गर्भारशीच्या मांडीवर एक छोटा, प्रसन्न, फिरंगी चेहऱ्याचा माणूस बसवून दिला. बारसं तेवढं बाकी होतं.

दादासाहेब फाळक्यांनी बडोद्याला फोटोचा धंदा सुरू केला, तेव्हा लोक यायला बिचकत, कारण कॅमेरा अंगातला जीव ओढून घेतो असा समज होता. २०२१ साली मायहेरिटेज या कंपनीनं जुन्या फोटोतला चेहरा हलवून दाखवणारी सोय काढली आणि जगभर लोकांनी फोटोंत जीव ओतायला रांगा लावल्या. आमच्याकडेही एका समारंभात मोठ्या पडद्यावर खापरपणजोबा मान वळवून गालात हसले. टाळ्या पडल्या. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या एकच आजी हयात होत्या, नव्वदीपुढच्या. त्यांना खुर्ची पुढे ओढून दोनदा दाखवलं. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "कोण हे?" नाव सांगितलं. "छे," त्या म्हणाल्या, "ते असं बघत नसत. त्यांनी मान वळवली की आम्ही उठून आत जायचो."

हे सगळं पाहून शहाणे झालेले लोकही आहेत. गेल्या महिन्यात आमच्या ओळखीचे एक काका काकूंना घेऊन आले. वय पंच्याऐंशी, प्रकृती खणखणीत. पेनड्राइव्हमध्ये स्वतःचे फोटो. म्हणाले, "माझा हाराचा फोटो आत्ताच करून ठेवायचा आहे. नंतर ही पोरं काय करतील भरवसा नाही. मोठ्या भावाला त्यांनी टाय लावलाय." आम्ही बसलो. केस १९८५ सालचे ठरले, चष्मा सध्याचा, कारण तो महाग आहे. गालावरचा तीळ ठेवायचा. कानावरचे केस काढायचे. सदऱ्याची कॉलर एका बाजूला चुरगळली होती, ती सरळ करू का म्हणून विचारलं, तर त्यांनी पडद्यावर बोटानं माप घेतलं. "हार किती जाड असतो हो साधारण? इथपर्यंत येईल ना? मग राहू दे, झाकली जाईल. उगाच कशाला काम वाढवता."

मी म्हटलं, काकू आल्याच आहेत, तर जोडीचाच करून टाकू का?

काकूंनी पर्स उचलली. "यांचा एकट्याचा करा," त्या म्हणाल्या. "मला पुढच्या महिन्यात काशीला जायचंय, तिकीट काढलंय."